नव्याचे नऊ दिवस, आणि मग दहावा

*प्रिय ताई,*

*वय ४४. काम खुर्चीतलं, हिशेबाचं. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे. औषध आत्ताच नको, पण चालणं, झोप आणि रात्रीचं खाणं यांकडे बघा. घरी काही केल्या जमत नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर फोन हातात येतो तो साडेबाराला सुटतो. मधेच अकराच्या सुमाराला स्वयंपाकघरात एक फेरी होते आणि काहीतरी गोड तोंडात पडतं.*

*गंमत म्हणजे गेल्या वर्षी आठवडाभर फिरायला गेलो होतो तेव्हा यातलं काहीच झालं नाही. रोज चालले, साडेदहाला झोपले, रात्री खायची आठवणसुद्धा आली नाही. (खोली तशी गैरसोयीचीच होती. पलंगाजवळ प्लगही नव्हता, फोन पार दाराशी लावून ठेवावा लागायचा.) वाटलं, सुधारले मी आता. घरी आल्यावर चौथ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.*

*पुढच्या महिन्यात पुन्हा नऊ दिवस जातोय. या वेळी मी रीतसर तक्ता केलाय: पहाटे साडेपाचला उठून तासभर चालणं, ध्यान, साखर बंद, तीन लिटर पाणी, दहा हजार पावलं, झोपण्याआधी वाचन, डायरी. नवरा म्हणतो, "ही सुट्टी आहे की शिबिर?" त्याचं बरोबर आहे का? नऊ दिवसांत सवय लागते का हो? आणि छोटा वजनकाटा सोबत न्यावा का?*

*— घरी आली की बिघडणारी*

प्रिय 'बिघडणारी',

नवऱ्याचं बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. पण तो जे म्हणतोय त्यामागचं त्याचं कारण आणि माझं कारण एक नाही. त्याला बहुधा पहाटे साडेपाचचा गजर नकोय. मला तुमचा तक्ता नकोय, कारण तो चुकीच्या नऊ दिवसांचा आहे.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. पलंगाजवळ प्लग नव्हता. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत. मी पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तिथेच अडखळले. गेल्या वर्षी तुम्ही साडेदहाला झोपलात ते मनाचा निग्रह वाढला म्हणून नव्हे. फोन दाराशी होता, पांघरुणातून उठून तिथवर जायचा कंटाळा आला आणि डोळा लागला, इतकंच झालं. स्वयंपाकघराचीही तीच गोष्ट. त्या खोलीला स्वयंपाकघरच नव्हतं, मग फेरी कुठे मारणार?

म्हणजे तुम्ही तिथे सुधारला नव्हता आणि घरी येऊन बिघडलाही नाहीत. दोन्हीकडे बाई तीच होती, खोली वेगळी होती. 'बिघडणारी' हे नाव म्हणूनच मला पटलेलं नाही, पण सहीच तशी केलीत, आता इलाज नाही.

सवय माणसाच्या डोक्यात जेवढी असते तेवढीच आजूबाजूच्या वस्तूंत असते. हे मी मनाचं सांगत नाही. वेंडी वुड या मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रपटगृहात आलेल्या काही लोकांच्या हाती ताजं पॉपकॉर्न दिलं आणि काहींच्या हाती आठवडाभराचं शिळं. ज्यांना चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळंही ताज्याइतकंच फस्त केलं. बरं, चव आवडली का म्हणाल तर तीही नाही. पण त्याच प्रकारच्या लोकांना जिथे एरवी सभा-बैठका होतात अशा खोलीत बसवून पडद्यावर गाणी दाखवली तेव्हा शिळं पॉपकॉर्न ताज्यापेक्षा कमी खाल्लं गेलं. चित्रपटगृहातसुद्धा ज्यांना एरवीच्या हाताऐवजी दुसऱ्या हातानं खायला लावलं, त्यांचा हात आखडला. अंधार, खुर्ची, पडदा, मांडीवरचा डबा हे सगळं मिळून तो हात चालवत होतं. तुमच्या रात्री अकराच्या गोडाची चव कशी असते, हे एकदा आठवून बघा. मला वाटतं, पटकन आठवणार नाही.

वुड बाईंचंच त्याआधीचं, २००५ सालचं काम आहे विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांवर. व्यायाम, वर्तमानपत्र, टीव्ही या त्यांच्या जुन्या सवयी नव्या जागी टिकल्या का, हे पाहिलं. जिथे नव्या जागेची मांडणी जुन्यासारखीच राहिली तिथे सवय चालू राहिली. जिथे मांडणी बदलली तिथे सवयीचा जोर ओसरला आणि माणूस मनात असेल तसं वागू लागला. प्रवास तुमच्यासाठी हेच करतो. तो चांगली सवय लावत नाही, जुनीची पकड तेवढी सैल करतो. गेल्या वर्षी या दोन गोष्टींची तुमची गल्लत झाली. सवय लागली असं समजून तुम्ही घरात पाऊल टाकलंत, आणि घर तुमची वाटच बघत होतं.

याची एक नाट्यमय उलट बाजूही आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या कितीतरी सैनिकांना हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. १९७१ मध्ये सरकारला धडकी भरली की हे सगळे घरी आले की काय होणार. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला, तेव्हा दिसलं की तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले साधारण ५ टक्केच होते. जागा सुटली आणि बहुतेकांचं व्यसनही सुटलं. कारणं अनेक होती, सगळं श्रेय जागेला देता येणार नाही. पण त्यांची वाईट सवय परमुलखात राहिली आणि तुमची चांगली सवय परमुलखात राहते, एवढं साम्य-विरोध बघण्यासारखा आहे.

आता तुमचा थेट प्रश्न: नऊ दिवसांत सवय लागते का? नाही लागत. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक साधी गोष्ट करायला सांगितली. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं, कुणी पाणी प्यायचं, कुणी थोडं पळायचं. ती गोष्ट आपोआप व्हायला लागेपर्यंत किती दिवस जातात ते मोजलं. हा अभ्यास २०१० चा. मधला आकडा निघाला ६६ दिवस. सगळ्यात लवकर अंगवळणी पडलेल्याला १८ लागले आणि सगळ्यात उशिरा लागणाऱ्यासाठी हिशेब २५४ दिवसांवर गेला. पाण्याचा पेला सोपा, व्यायाम अवघड, हे ओघानं आलंच. त्यात एक दिलाशाची गोष्ट अशी की मधे एखादा दिवस बुडाला तर फारसं बिघडत नाही. तुम्ही हिशेबाचं काम करता, तेव्हा तुम्हीच बघा: ६६ मधून ९ वजा केले की उरतात ५७. ते सगळे घरचे दिवस आहेत आणि तुमच्या तक्त्यात त्यांतला एकही नाही.

आपल्याकडे 'नव्याचे नऊ दिवस' म्हणतात आणि तुम्ही नेमके नऊच दिवस जाताय. मला दहाव्या दिवसाची काळजी आहे. नेदरलँड्समध्ये जेसिका द ब्लूम यांनी लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांचा अभ्यास केला. सुट्टीत बरं वाटणं भराभर वाढतं, आठव्या दिवसाच्या आसपास कळसाला पोचतं आणि कामावर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच पूर्वपदावर येतं. म्हणजे तुम्ही अगदी उत्साहाच्या शेंड्यावरून घरी उतरणार. त्या उत्साहाच्या भरवशावर काही ठेवू नका.

दहावा दिवस कसा असतो, हे मला स्वतःच्या घरातून माहीत आहे. काही वर्षांपूर्वी पंधरा दिवसांचा प्रवास करून मी रात्री उशिरा घरी पोचले. त्या पंधरा दिवसांत रात्री जेवणानंतर काहीही खाल्लं नव्हतं आणि त्याचा मला बराच अभिमान होता. दार उघडलं, बॅग दाराशी टेकवली, दिवा न लावता सरळ आत गेले. भानावर आले तेव्हा कपाट उघडं होतं, उजव्या हातात बिस्किट होतं आणि डाव्या हातात घराची किल्ली तशीच होती. बूटही काढले नव्हते. भूक लागली होती का? नव्हती. ते बिस्किट पंधरा दिवसांत सादळलं होतं, हे मला दुसरं खाताना कळलं.

त्या रात्रीनंतर मी एक गोष्ट शिकले आणि तीच तुम्हाला सांगायची आहे. घर बदलायचं ते परतल्यावर नाही, निघण्याआधी. परतताना आपण दमलेले असतो, कपड्यांचा ढीग असतो, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. अशा वेळी माणूस विचार करत नाही, हात करतील ते होऊ देतो. म्हणून हातांना जे सापडणार आहे त्याची व्यवस्था नऊ दिवस आधी लावून ठेवायची.

तुमच्या बाबतीत म्हणजे असं: निघायच्या आदल्या संध्याकाळी, बॅगा भरून झाल्या की, पलंगाजवळचा चार्जर काढा आणि बाहेरच्या खोलीत, शक्य तर दाराजवळ, लावून ठेवा. नुसता काढून खणात नका ठेवू, त्याची नवी जागा पक्की करा. गजरासाठी फोन लागतो ही सबब मला माहीत आहे, तीवर उपाय म्हणजे साधं गजराचं घड्याळ. मग स्वयंपाकघर. अकराच्या फेरीत जे तोंडात पडतं ते संपवून जा किंवा कुणाला देऊन जा. घरात इतरांसाठी ठेवावंच लागत असेल तर ज्याला स्टूल लागतं अशा उंच फळीवर, झाकणबंद. स्टुलाला हसू नका. रात्री अकरा वाजता स्टूल ओढायचा आवाज फार मोठा होतो.

हे झालं की झोपेचं आणि गोडाचं काम तुम्ही प्रवासाला निघण्याआधीच निम्मं केलेलं असेल. प्रवासात त्या दोन्हींसाठी काही करू नका. आपसूक होईल, गेल्या वर्षी झालं तसं. खोलीत पलंगाजवळ प्लग असलाच, तर तो वापरू नका म्हणजे झालं. पहिल्या रात्री झोप नीट लागली नाही तर मनावर घेऊ नका. परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापेक्षा सावध झोपतो, असं २०१६ मध्ये ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं आहे. दुसऱ्या रात्रीपासून पुष्कळ सुधारतं.

मग प्रवासात करायचं काय? एकच गोष्ट. तक्त्यातल्या सातांपैकी सहा खोडा. साडेपाचचा गजर तर आधी खोडा, कारण घरी तुम्ही साडेपाचला उठत नाही आणि उठणारही नाही. जिथे जाताय तिथलं घड्याळ वेगळं असेल तर पहाटेच्या चालण्याचा विचारही करू नका, शरीराला तासाभराच्या फरकासाठी साधारण एक दिवस लागतो. तीन लिटर पाणी सगळ्यांना लागतंच असं नाही. तहान, ऊन आणि चालणं बघून प्या. दहा हजार हा आकडा तर वैद्यकातून आलेलाच नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मापक' अशा अर्थाचं होतं. आकडा गोल होता, लोकांच्या तोंडी बसला. फिरायला गेल्यावर तुमची पावलं तशीही वाढणार आहेत आणि घरी आल्यावर तशीही कमी होणार आहेत. ती मोजून त्रास तेवढा होईल. डायरी, ध्यान, वाचन यांच्याशी माझं वैर नाही. त्यांना दुसरी कुठली तरी सुट्टी द्या.

तुमच्यासाठी मी निवडलेली गोष्ट म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं चालणं. निवडण्याची दोन कारणं. पहिलं तुमच्या साखरेचं. जेवल्यावर रक्तातली साखर चढते. त्या वेळी पाय हलते असले की स्नायू ती साखर वापरायला ओढून घेतात, म्हणून चढ कमी राहतो. त्यासाठी घाम निघायला हवा असं नाही, रमतगमत चाललं तरी चालतं. पहाटेच्या तासभर चालण्याला मी नावं ठेवत नाही, पण काठावरच्या साखरेला जेवणानंतरची दहा मिनिटं फार सोयीची पडतात. पुढे कधी डॉक्टरांनी औषध सुरू केलंच तर हे चालणं त्यांच्या कानावर घाला.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जेवण सगळीकडे असतं. गेल्या वर्षी तुम्ही जे चालत होता ते कशाला बांधलेलं होतं? रम्य रस्त्याला, मोकळ्या सकाळीला, कामाला जायचं नसण्याला. त्यातलं काहीही तुमच्या बॅगेतून घरी येऊ शकत नव्हतं. नवी गोष्ट अशा खुंटीला टांगा जी तिकडेही आहे आणि इकडेही आहे. दात घासणं, बूट काढणं, जेवून उठणं या अशा खुंट्या. "हात धुतले की बूट घालायचे" एवढं एकच वाक्य ठरवा आणि तेच वाक्य प्रवासात आणि घरी शब्दही न बदलता वापरा. 'रोज चालायचं' या संकल्पात कधी, कुठून, कशानंतर यातलं काहीच नाही, म्हणून तो रोज नव्यानं करावा लागतो.

प्रवासात हे चालणं नव्या रस्त्यांवर असेल, छान वाटेल. घरी तोच तो रस्ता असेल, कंटाळवाणा. म्हणून नऊ दिवसांतही त्याला फार सजवू नका. कॅमेरा नको, कानात गाणी नकोत, वाटेत थांबून काही घेणं नको. दहा मिनिटं जायचं, परत यायचं. थोडं रुक्षच राहू द्या, म्हणजे घरी आल्यावर काही हरवल्यासारखं वाटणार नाही.

आणि एक हेरगिरी करा, फार तर दोन दिवस. दिवसातल्या ज्या वेळी घरी किंवा कामावर तुमचा हात हमखास कशाकडे तरी जातो, त्या वेळी तिकडे काय होतं ते बघा. चार वाजता कामावर गोड कॉफी लागतेच, असं असेल तर सुट्टीत चार वाजता लागते का? आठवणच आली नाही तर समजायचं की ती कॉफी चारच्या भुकेची नाही, खुर्चीची आहे. खुर्चीवरून उठून दोन मिनिटं खिडकीशी गेलं तरी ती बहुधा टळेल. पण सुट्टीतही बरोबर चार वाजता पोट ओरडत असेल तर ती खरी भूक आहे, तिला दटावू नका, काहीतरी नीट खायला द्या. हे घरी बसून कळत नाही, कारण घरी भूक आणि खुर्ची नेहमी एकत्रच असतात. सुट्टीचा मला दिसणारा खरा उपयोग हाच आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला आणि लोकांना नाइलाजानं दुसऱ्या वाटेनं कामावर जावं लागलं. संप मिटल्यावर साधारण ५ टक्के लोक नव्या वाटेलाच चिकटून राहिले. इतकी वर्षं रोज जात होते, पण आपल्याला जास्त सोयीची वाट आहे हे त्यांना गाडी बंद पडल्याशिवाय कळलं नव्हतं. उरलेले ९५ टक्के जुन्या वाटेला गेले, हेही लक्षात असू द्या.

वजनकाटा नेऊ नका. सुट्टीत वजन वाढतं हे खरं आहे. एक ते तीन आठवडे सुट्टीवर गेलेल्या १२२ जणांच्या एका अमेरिकी अभ्यासात ते सरासरी ०.३२ किलोनं वाढलं होतं. म्हणजे पाव किलोपेक्षा थोडं जास्त. एवढा फरक तुमच्या काट्यावर एका दिवसात नुसत्या मिठानं आणि पाण्यानं खालीवर होतो. रोज सकाळी तो आकडा बघून तुम्ही एकतर उगाच खूश व्हाल नाहीतर उगाच उपाशी राहाल. परतल्यावर आठवड्यानं एकदा बघा. बॅगेत त्या जागी चालायचे बूट मावतील.

राहता राहिला नवरा. त्याला तक्ता दाखवू नका, फाडलेला दाखवा. मग विचारा की जेवणानंतर दहा मिनिटं येतोस का. शिबिराला नाही म्हणणारा माणूस या विनंतीला सहसा नाही म्हणत नाही. आणि घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी, जेव्हा तुम्हा दोघांचेही पाय उचलत नसतील, तेव्हा एकानं तरी बूट घालावेत एवढंच आधी ठरवून ठेवा. त्या दिवशी दहा मिनिटं नाही झाली तर पाच होऊ द्या, दारातून कोपऱ्यापर्यंत जाऊन या. कपडे धुवायचे राहू द्या. बुडालाच तो दिवस, तर अकराव्या दिवशी जा. सोमवारची वाट बघू नका.

मला प्रवासातून काही कळवू नका, तिथे सगळं छानच चाललेलं असणार. परतल्यावर दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दोन ओळी लिहा. किती चाललात ते नको, चार्जर कुठे आहे तेवढं सांगा.

तुमची,
ताई